आग्वादचा दांडा आणि गाळाची वाट

मृग नक्षत्र लागून नैर्ऋत्येचा वारा सुटला की मांडवीच्या मुखाचे रूप पालटते. आग्वादच्या डोंगरापाशी पाण्याखाली दडलेला वाळूचा दांडा एरवी फारसा जाणवत नाही. पण पावसाळी लाटा त्यावर फुटू लागल्या की तो दुरूनही ओळखू येतो. त्या फेसाळ पाण्यातून जडशीळ बार्ज नेणे म्हणजे खलाशांचे प्राण पणास लावणे होय. म्हणूनच गोव्याचा खनिज-व्यापार ऐन भरात असतानाही पावसाळ्यात हे मुख वाहतुकीस बंद असे, आणि खनिजाने भरलेले बार्ज कुंभारजुवे कालव्याच्या आडवाटेने जुवारीत उतरून मुरगाव बंदर गाठीत. माणसाला असा वळसा घ्यावयास लावणारी वस्तू कोणती, तर चिमटीत मावणारी वाळू!

ही वाळू आणि तिच्यासोबतचा गाळ येतो कोठून? नदी आणते, असे सरसकट उत्तर दिले जाते. बेळगावच्या खानापूर तालुक्यात म्हादई या नावाने उगम पावलेली नदी सह्याद्रीची माती घेऊन उतरते आणि समुद्राला देते, असे त्याचे तात्पर्य. हे उत्तर खोटे नाही; पण ते अपुरे आहे. मुखापाशी नदी केवळ देत नाही, घेतेही.

याचे कारण पाण्याच्या वजनात आहे. खारे पाणी गोड्या पाण्याहून जड असते. त्यामुळे मुखाशी दोन्ही पाणी भेटले म्हणजे गोडे पाणी वरच्या थराने समुद्राकडे सरकते, तर खारे पाणी तळालगत आत शिरू पाहते. वर समुद्राकडे जाणारा आणि खाली खाडीकडे येणारा, असे दोन प्रवाह एकाच ठिकाणी नांदू शकतात. वरचे पाणी पाहून तळाच्या वाळूची दिशा ठरविणारा मनुष्य म्हणूनच फसतो. मातीच्या बारीक कणांची तर आणखी एक तऱ्हा आहे. गोड्या पाण्यात हे कण एकमेकांना दूर लोटतात आणि तरंगत राहतात. पाण्यात मीठ मिसळताच त्यांचे हे वैर ओसरते, ते एकमेकांना चिकटतात, त्यांचे पुंजके बनतात आणि जड होऊन खाली बसू लागतात. समुद्रात जावयास निघालेला गाळ अशा रीतीने उंबरठ्यावरच थबकतो. पुढे जोराची भरती आली की तो पुन्हा ढवळून निघतो.

मांडवी आणि जुवारीमध्ये या व्यवहाराला ऋतूंचा ताल आहे. पावसाळ्यात नदीला पूर असतो, पाणी तांबडे होते, यात नवल नाही. नवल आहे ते उन्हाळ्याचे. त्या दिवसांत नदीचे पाणी आटलेले असते, डोंगरातून माती येणे जवळजवळ थांबलेले असते, तरीही मुखाजवळचे पाणी पुन्हा गढूळ होते. दुपारी समुद्रावरून वारे सुटतात, त्यांच्या लाटा आणि भरती-ओहोटीचे प्रवाह मिळून तळाचा जुना गाळ उचलतात. गढूळ पाणी दिसले म्हणजे नवी माती आली, असे समजणे म्हणूनच धाडसाचे ठरते.

मुखाबाहेरच्या किनाऱ्याचीही हीच कथा आहे. कळंगुट आणि कांदोळीची रुंद पुळण पावसाळ्यात खंगते. खवळलेल्या लाटा तिची वाळू ओढून समोरच्या उथळ पाण्यात नेऊन ठेवतात. पाऊस सरला, लाटा सौम्य झाल्या, की तीच वाळू हळूहळू परत येते. या देवघेवीत अडथळा आला तर काय होते, याचा धडा २००० सालच्या जून महिन्यात मिळाला. ‘रिव्हर प्रिन्सेस’ नावाचे २०० मीटरांहून लांब जहाज वादळी हवेत कांदोळीच्या किनाऱ्याजवळ रुतले आणि पुढे १० वर्षांहून अधिक काळ तेथेच राहिले. न बांधता बंधारा झाला! जहाजाच्या आडोशाला लाटा मंदावल्या आणि वाळू साचून पुळण पुढे सरसावली. शेजारच्या सिकेरीच्या बाजूस मात्र किनारा खचू लागला. वाळू नाहीशी होत नाही; एकाच्या दारात साठते तेव्हा बहुधा दुसऱ्याच्या दारातून गेलेली असते.

मग या वाळूचा आणि गाळाचा हिशेब मांडावा कसा? पाण्याच्या निरनिराळ्या खोलींवरचे नमुने घ्यावे लागतात, प्रवाहाचा वेग मोजावा लागतो, तळाची उंचसखलता वरचेवर तपासावी लागते. खरी अडचण पुढेच आहे. भरती पुष्कळ गाळ आत आणते, ओहोटी पुष्कळ गाळ बाहेर नेते. शिल्लक राहतो तो या दोहोंतील लहानसा फरक. एका दिवसाच्या मोजणीत लहानशी चूक झाली तरी गाळ आत येतो की बाहेर जातो, हेच उलटे ठरू शकते. म्हणून उधाण आणि भांग, पावसाळा आणि उन्हाळा, या सर्वांतून मोजणी न्यावी लागते.

कधी गाळालाच खूण करून सोडतात. १९५९ साली मुंबई बंदरात असा प्रयोग झाला. उपसलेला गाळ समुद्रात टाकल्यावर तो पुन्हा बंदराकडे येतो काय, हा प्रश्न होता. त्यासाठी किरणोत्सारी स्कँडियमची खूण केलेले कण सोडून यंत्राने तळावर त्यांचा माग घेण्यात आला. गोव्यात ही खूण अनायासे मिळाली. खाणींवरून वाहून आलेल्या आणि बार्जमधून सांडलेल्या लोहखनिजाच्या धुळीत चुंबकीय गुण असतो. मांडवी-जुवारीच्या तळाचा गाळ तपासून ही धूळ कोठवर पोहोचली, हे दोना पावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या संशोधकांनी शोधले. दोन्ही नद्यांच्या मुखांमधील भूशिरावर वसलेल्या या संस्थेची स्थापना १९६६ मधली. पुण्याजवळच्या खडकवासल्याच्या केंद्रात तर बंदरांच्या आणि खाड्यांच्या लहान प्रतिकृती करून त्यांत पाणी खेळविले जाते. प्रत्यक्ष समुद्रात धक्का बांधून चूक उमगण्यापेक्षा ती प्रतिकृतीत उमगलेली केव्हाही स्वस्त.

या अभ्यासाची निकड केवळ बंदरांपुरती नाही. म्हादईच्या पाणीवाटपासाठी २०१० साली लवाद नेमला गेला आणि २०१८ साली त्याचा निवाडा आला. बेळगावकडील माणसाला पाण्याची तहान खरी आहे, आणि गोव्यातील कोळ्याला व शेतकऱ्याला खाडीची काळजीही खरी आहे. समुद्राला मिळालेले पाणी वाया गेले, असे म्हणण्याची रीत आहे. परंतु ते पाणी मुखाशी गाळ लोटते आणि खारटपणा मागे हटवते, हे त्याचे काम आहे. वरचे पाणी कमी झाले तर या कामात किती उणे पडेल, याचे उत्तर घोषणांतून मिळणार नाही. ते वर्षानुवर्षांच्या मोजणीतूनच मिळेल.

नारळी पौर्णिमेला कोळी समुद्राला नारळ वाहतो आणि मगच होडी लोटतो. पण होडी लोटण्यापूर्वी तो दांड्यावरच्या लाटांकडेही निरखून पाहतो, कारण गेल्या वर्षीची वाट यंदा तशीच असेल, असे तो कधी गृहीत धरीत नाही. नदीच्या मुखाशी धक्का बांधणाऱ्याने, गाळ उपसणाऱ्याने आणि वरच्या अंगाला पाणी वळविणाऱ्यानेही एवढी सावधगिरी शिकावी. वाळूला वाट विचारल्याखेरीज तिच्या वाटेत उभे राहू नये.