उत्तर मिळालं, आता ताळा



दहावी होऊन आता तीस वर्षं होतील. संयोजकांनी मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तेव्हा एआयवर दहा मिनिटं बोल." सकाळपासून चहाच्या टेबलाशी जो भेटतो तो एकच विचारतोय, पोरांच्या नोकऱ्या राहतील का? त्याचं छातीठोक उत्तर द्यावं एवढी काही मी मोठी नाही. मी बोलणार आहे माझ्या घरच्या माशांच्या टाकीबद्दल. त्या टाकीतल्या झाडांना खत किती घालायचं, हे मी चॅटबॉटला विचारलं, त्याबद्दल.

हसू नका! विषय लहान आहे, पण त्यात एक मोठी सोय आहे. यंत्राने दिलेला सल्ला बरोबर की चूक, हे इथे दोन-तीन आठवड्यांत डोळ्यांना दिसतं. नोकरीच्या, शिक्षणाच्या सल्ल्याचं तसं नसतं. तिथे कळायला वर्षं जातात.

आधी टाकीविषयी. आई गेल्यापासून बाबा पुण्याला माझ्याकडे असतात. दिवसभर आम्ही दोघं कामावर, मुलगी कॉलेजात. हॉलमध्ये तीन फुटांची टाकी आहे. तिच्यात पंधरा निऑन टेट्रा, थोडे गप्पी, आणि प्लास्टिकची नाही तर खरी झाडं. अ‍ॅन्युबियास, जावा फर्न, आणि पुढच्या बाजूला हायग्रोफिला, जी मुळात आपल्याच देशातली पाणवनस्पती आहे. बाबा सकाळ-संध्याकाळ टाकीसमोर खुर्ची टाकून बसतात आणि माशांची हजेरी घेतात. एक जरी कमी दिसला तर त्या दिवशी त्यांना जेवण गोड लागत नाही. म्हणून त्या पाण्यात काय पडतं आणि किती पडतं, हा माझ्या घरात गमतीचा प्रश्न नाही.

पाण्यातल्या झाडांनाही शेतातल्या पिकासारखंच नत्र, स्फुरद, पालाश लागतं. लोह, मँगनीज, बोरॉन अशी सूक्ष्म अन्नद्रव्यंही लागतात. माशांच्या विष्ठेतून थोडं नत्र आणि स्फुरद मिळतं. पण मासे थोडे आणि झाडं जास्त असली की ते पुरत नाही. एकोणिसाव्या शतकात युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने एक नियम सर्वांना माहीत करून दिला. पीक किती वाढेल हे सगळ्यात कमी पडणाऱ्या अन्नद्रव्यावर ठरतं. बाकीची कितीही ओतली तरी उपयोग नाही. लाकडी पिंपाची एक फळी आखूड असेल तर पाणी तिथूनच सांडणार. तेव्हा खरा प्रश्न असतो, आखूड फळी कोणती?

या पावसाळ्यात हायग्रोफिलाची पानं पिवळी पडायला लागली. मी चॅटबॉटला विचारलं. आमच्या कामात नवी प्रणाली तपासताना पहिला प्रश्न मुद्दाम अगदी साधा ठेवतात, सामान्य माणूस विचारेल तसा. मी तसाच ठेवला. "माझ्या टाकीतल्या झाडांची पानं पिवळी पडताहेत, काय करू?" मराठीत विचारलं, मराठीत उत्तर आलं. स्वच्छ, मुद्देसूद, आणि अगदी आपुलकीने. लोहाची कमतरता असण्याची शक्यता आहे, लोहाचं द्रवखत आठवड्यातून दोनदा घाला.

बाबा शेतकऱ्याच्या घरात वाढलेले. मी उत्तर वाचून दाखवलं, तर ते म्हणाले, "अगं, पण पिवळी खालची पानं आहेत. शेंडा हिरवागार आहे की."

सगळं गणित त्या एका वाक्यात होतं. नत्र आणि पालाश झाडाच्या आत हलू शकतात. कमी पडले की झाड जुन्या पानांतून ते काढून नव्या पानांना देतं, म्हणून खालची पानं आधी पिवळी पडतात. लोह तसं हलत नाही. ते कमी पडलं तर शेंड्याची कोवळी पानं फिकट होतात. मी बाबांचं निरीक्षण घालून तोच प्रश्न पुन्हा विचारला. आता उत्तर आलं, नत्राची कमतरता दिसते. वर हलणारी आणि न हलणारी अन्नद्रव्यं कोणती, याचा सुंदर तक्ताही करून दिला. म्हणजे माहिती त्याच्याकडे पहिल्यापासून होती. पण "कुठली पानं, वरची की खालची?" हा उलट प्रश्न काही त्याने केला नव्हता.

नायट्रेट मोजायचं किट घरात होतं. नळीतल्या पाण्याचा रंग तक्त्याशी ताडून पाहिला. नायट्रेट शून्य! आखूड फळी सापडली.

आता मात्रा. मी टाकीचं माप देऊन नत्राचं प्रमाण विचारलं. त्याने जे सांगितलं ते 'एस्टिमेटिव्ह इंडेक्स' नावाच्या पद्धतीचं होतं. टॉम बार या अमेरिकन छांदिष्टाने ती प्रसिद्ध केली. पद्धत चांगली आहे. कशाचीच कमतरता राहणार नाही इतकं खत भरपूर घालायचं आणि दर आठवड्याला निम्मं पाणी बदलायचं. झाडांनी काहीच घेतलं नाही असं धरलं, तरी साठलेलं खत एका आठवड्याच्या मात्रेच्या दुपटीपुढे जात नाही. मात्र ती पद्धत प्रखर दिवे आणि बाहेरून कार्बन डायऑक्साइड सोडलेल्या टाक्यांसाठी आहे. माझ्याकडे साधा दिवा, कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर नाही, आणि आठवड्याला मी चौथाई पाणी बदलते. चौथाई बदललं तर तीच मर्यादा दुप्पट न राहता चौपट होते. मात्रा आणि पाणी बदलणं ही जोडी आहे. यंत्राने जोडीतला एकच अर्धा भाग मला दिला होता.

हे सगळं सांगून मी माझ्यापुरतं लक्ष्य ठरवलं. आठवड्यातून एकदा, लिटरमागे ५ मिलिग्रॅम नायट्रेट. टाकीत माती आणि दगड वगळून पाणी साधारण १४० लिटर. खत कोणतं? इथे आपल्या तासगावचा उपयोग झाला. आपल्यातलाच एक द्राक्ष बागायतदार, आज इथे मागच्या रांगेत बसलाय, त्याने मला एका बरणीत 'तेरा शून्य पंचेचाळीस' दिलं होतं. तुम्ही ठिबकमधून सोडता तेच, पोटॅशियम नायट्रेट. मी आधी चॅटबॉटला 'एकोणीस एकोणीस एकोणीस'बद्दलही विचारून पाहिलं. त्याने ठाम नको म्हटलं. त्यातलं बरंचसं नत्र युरिया आणि अमोनियाच्या रूपात असतं आणि अमोनिया माशांना विषारी. हे उत्तर अगदी बरोबर होतं. बोअरच्या अल्कधर्मी पाण्यात तर तो धोका वाढतो. श्रेय द्यायचं तिथे द्यायलाच हवं.

मग विचारलं, १३:००:४५ किती ग्रॅम घालू? उत्तर आलं, ५.४ ग्रॅम. खाली पायऱ्यापायऱ्यांनी गणितही मांडलेलं. १४० गुणिले ५ म्हणजे ७०० मिलिग्रॅम नायट्रेट हवं. खतात १३ टक्के. म्हणून ७०० भागिले ०.१३.

बघा, दिसायला किती बरोबर आहे! भागाकारही अचूक. पण पिशवीवरचे १३ टक्के हे नत्राचे आहेत, नायट्रेटचे नाहीत. नत्राचा अणुभार १४. नायट्रेट म्हणजे एक नत्र आणि तीन ऑक्सिजन, १४ अधिक ४८, बासष्ट. म्हणजे नत्रापेक्षा नायट्रेटचं वजन जवळपास ४.४ पट. तेरा टक्के नत्र म्हणजे सुमारे ५८ टक्के नायट्रेट. उत्तर हवं होतं १.२ ग्रॅम. हे आठवी-नववीचं रसायनशास्त्र आणि पाचवीचं त्रैराशिक आहे. पिशवीवरच्या ४५ चंही तसंच. तो आकडा पालाशचा, म्हणजे पोटॅशियम ऑक्साइडच्या हिशेबाचा असतो. प्रत्यक्ष पोटॅशियम ३७ टक्क्यांच्या आसपास.

दर आठवड्याला ५.४ ग्रॅम पडत राहिले असते, तर माझ्या पाणी बदलण्याच्या हिशेबाने नायट्रेट लिटरमागे जवळपास नव्वद मिलिग्रॅमपर्यंत चढू शकलं असतं. अशा पाण्यात मासे एका दिवसात मरत नाहीत. हळूहळू मलूल होतात, आणि घरात कुणालाच कारण कळत नाही. बाबांनी रोज एकेक कमी मोजला असता.

मी यंत्राला ही गफलत दाखवली. लगेच म्हणालं, "तुमचं अगदी बरोबर आहे," आणि १.२ ग्रॅम दिलं. आता माझ्यातली इंजिनीअर जागी झाली. नवा संवाद सुरू करून, बरोबर उत्तर आल्यावर मी मुद्दाम एक खोटी दुरुस्ती सुचवली. तीही त्याने तितक्याच नम्रपणे मान्य केली! दुसऱ्या दिवशी तोच मूळ प्रश्न विचारला, तर पहिल्याच फटक्यात बरोबर उत्तर. म्हणून सांगते, त्याचं "हो, बरोबर" हा पुरावा नव्हे. तो त्याचा शिष्टाचार आहे.

असं का होतं? ही यंत्रं प्रचंड मजकूर वाचून तयार झालेली असतात. पुढे कोणता शब्द येणं जास्त संभवतं, हे ती शिकलेली असतात. पिवळ्या पानांबद्दल लिहिताना लोक 'लोह' हा शब्द खूप वेळा लिहितात. टाकीच्या खताबद्दल लिहिणारे बहुतेक प्रखर दिवेवाले हौशी असतात. म्हणून तीच उत्तरं आधी येतात. त्यात लबाडी नाही. पण माझी टाकी त्याने पाहिलेली नाही, आणि अचूक आकडा असो की चुकीचा, त्याचा सूर तोच असतो. माणूस चाचरतो, डोकं खाजवतो, "थांब जरा, बघून सांगतो" म्हणतो. त्यावरून आपण अंदाज बांधतो. इथे ती खूण मिळत नाही.

मग वापरायचं नाही का? मी रोज वापरते. त्याने मला अर्ध्या तासात जे समजावून दिलं, ते पुस्तकं चाळून काढायला मला आठवडा लागला असता. फक्त वापरताना चार गोष्टी करते. पहिली, प्रश्नाआधी निरीक्षण लिहून काढते. कुठली पानं, कधीपासून, पाणी किती, दिवा किती तास. दुसरी, उत्तर मागण्याआधी त्यालाच सांगते, "तुला अजून काय माहीत हवं ते आधी विचार." त्याने फार फरक पडतो. तिसरी, ज्यात आकडा आहे ते गणित स्वतः कागदावर करते, आणि प्रत्येक आकड्याला विचारते, तू कशाचा टक्का आहेस? चौथी, शेवटचा निकाल यंत्राकडून नाही, टाकीकडून घेते.

टाकीने निकाल दिला. १.२ ग्रॅम खत पाण्यात विरघळवून घातलं, तासाभराने किट लावलं. रंग पाचच्या खुणेशी जुळला. पिवळी झालेली पानं परत हिरवी होत नाहीत, ती खुडून टाकली. तिसऱ्या आठवड्यात खालून नवे फुटवे आले. पंधराही निऑन हजर आहेत.

आता तुम्ही म्हणाल, माशांच्या टाकीचं एवढं काय? पण आपल्यातले कितीतरी जण आज हेच यंत्र हातात घेऊन फवारणीचं प्रमाण विचारतात. कुणी आईवडिलांच्या गोळ्यांबद्दल विचारतं, मुलं गृहपाठाबद्दल. नत्र आणि नायट्रेटमध्ये झाली तशी सरमिसळ मिलिग्रॅम आणि मिलिलिटरमध्ये होऊ शकते, एकर आणि हेक्टरमध्ये होऊ शकते. तिथे हजेरी माशांची नसते. औषधाचं डॉक्टरांना, फवारणीचं कृषी अधिकाऱ्यांना विचारूनच पुढे जा.

आपल्या विज्ञानाच्या बाई समोर बसल्या आहेत. प्रयोगवहीत साहित्य, कृती, निरीक्षण, अनुमान असे रकाने आखून घ्यायच्या, आणि निरीक्षणाच्या आधी अनुमान लिहिलेलं दिसलं की पान फाडायच्या. गणिताचे सरही आले आहेत. उत्तर बरोबर असलं तरी ताळा केला नाही म्हणून ते अर्धा गुण कापायचे. तेव्हा आम्हाला वाटायचं, उत्तर आलंय ना, मग कशाला? सर, आता उत्तर सगळ्यांनाच मिळतं, क्षणात मिळतं, फुकट मिळतं. राहिलेलं काम तेवढंच आहे, तुम्ही अर्ध्या गुणासाठी करायला लावलेलं. ते तुम्ही शिकवलंत म्हणून माझ्या घरातली ती टाकी आज शाबूत आहे. त्याबद्दल तुम्हा सर्व गुरुजनांना मनापासून नमस्कार.

आणि मागच्या रांगेतल्या बागायतदारा, बरणी अजून पाऊण भरलेली आहे. तुझ्या एकराला जे एका दिवसात लागतं, ते माझ्या टाकीला काही वर्षं पुरेल.