खानापूरचा घाटमाथा

श्रोतेहो, बेळगावहून चोर्ला घाटाकडे जाणारा रस्ता जांबोटी व कणकुंबी या गावांवरून जातो. खानापूर तालुक्याचा हा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्रीचा माथाच होय. येथे पावसाळ्याचे चार महिने धुके आणि पाऊस यांचेच राज्य असते. पूर्वेस बिडी, इटगीकडे जावे तसतसा पाऊस उणावतो, रान विरळ होते आणि जमीन सपाट होत जाते. एकाच तालुक्यात निसर्गाची अशी दोन रूपे नांदतात.

या माथ्याचे खरे महत्त्व त्याच्या पाण्यात आहे. कणकुंबीस मलप्रभा उगम पावते. पूर्वेची वाट धरून, सौंदत्तीजवळच्या नविलतीर्थ धरणातून पट्टदकल, ऐहोळेवरून वाहत, सुमारे ३०४ किलोमीटरांच्या प्रवासानंतर ती कूडलसंगम येथे कृष्णेस मिळते. भीमगडच्या रानात देगावजवळ उगवणारी म्हादई मात्र पश्चिमेस गोव्यात उतरते आणि मांडवी या नावाने पणजीपाशी समुद्र गाठते. एकाच डोंगरावर पडलेला पाऊस असा दोन समुद्रांना वाटला जातो.

येथील मनुष्यवस्तीही जुनी आहे. हलशी हे गाव म्हणजे प्राचीन कदंबांची पलाशिका; तेथील भूवराह नरसिंहाचे देऊळ गोव्याच्या कदंबांची आठवण देत अद्याप उभे आहे. घाटमाथ्यावरचा शेतकरी भात व नाचणी पिकवितो. रानाच्या कडेने गवळी धनगर म्हशी राखतात. पश्चिमेच्या खेड्यांत मराठी, पूर्वेच्या खेड्यांत कानडी आणि बाजारात दोन्ही, असा येथील व्यवहार आहे.

१९५६ साली राज्यपुनर्रचना झाली आणि मुंबई राज्यातला हा मुलूख म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला. महाराष्ट्राने २००४ साली त्याविषयी सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. डोंगरी लोकांच्या वाट्यास असे प्रसंग इतरत्रही आले आहेत. दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतात केचुआ भाषा बोलणारे लोक आज पेरू, बोलिव्हिया, इक्वेडोर अशा देशांत विभागलेले आहेत. भाषा आधीची, सीमा नंतरच्या. पेरूने १९७५ साली केचुआस राजभाषेचा दर्जा दिला, तो स्पॅनिश अंमल सुरू झाल्यानंतर कित्येक शतकांनी.

भाषेप्रमाणे पाण्याचाही वाद येथे आहे. म्हादई जलविवाद लवादाने २०१८ साली कर्नाटकास १३.४२, गोव्यास २४ आणि महाराष्ट्रास १.३३ अब्ज घनफूट पाणी ठरवून दिले. कर्नाटकाच्या वाट्यापैकी ३.९ अब्ज घनफूट पाणी कळसा व भांडुरा नाल्यांतून मलप्रभेकडे वळवावयाचे आहे. मलप्रभेच्या खोऱ्यातील कोरड्या गावांची तहान खरी आहे. गोव्याची चिंताही खरी आहे. पण ज्या रानात हे पाणी जन्मते, तेथील माणसाचे काय? भीमगडास २०११ साली अभयारण्य ठरविण्यात आले. आत राहणाऱ्या वाड्यांना पक्का रस्ता, वीज आणि दवाखाना यांची वाट पाहावी लागते. तळेवाडीच्या कुटुंबांनी तर भरपाई घेऊन गाव सोडण्याचे मान्य केले.

श्रोतेहो, रान राखले पाहिजे आणि तहानेल्यास पाणीही मिळाले पाहिजे, यात दुमत नाही. परंतु दोन्ही बाजूंस नद्या देणाऱ्या या माथ्यावरील रहिवाशास, त्याच्या भाषेत, आधी विचारले जावे. उगमाशी राहणाऱ्याचा एवढा मान ठेवणे हे आपणां सर्वांचेच कर्तव्य आहे.