गीतमालेचा धडा

(सुवर्णमहोत्सवी वर्षात मंडळाच्या सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)

अध्यक्ष महाराज, मंडळाचे ज्येष्ठ सभासद, भगिनी आणि बंधू हो,

भगिनींना अग्रस्थान दिले ते केवळ शिष्टाचारापोटी नव्हे. ही रीत अमीन सयानी यांची. रेडिओवरून 'बहनो और भाइयो' अशी साद घालणारा तो आवाज २० फेब्रुवारी २०२४ रोजी, वयाच्या ९१ व्या वर्षी, कायमचा थांबला. त्यांच्या गीतमालेपासून आम्ही एक धडा घेतला, तोही फार उशिरा. तो आपणापुढे मांडावा, एवढाच आजचा हेतू आहे. आम्ही संगीतज्ञ नव्हे. सरकारी फायलींत आयुष्य गेलेले गृहस्थ आहोत. तेव्हा अधिकारवाणीची अपेक्षा आपण ठेवू नये.

गीतमालेच्या कथेचा आरंभ एका मराठी माणसापासून होतो. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. गृहस्थ व्यासंगी, आणि शास्त्रोक्त संगीतावर त्यांची अढळ निष्ठा. आकाशवाणीचा राष्ट्रीय संगीत कार्यक्रम १९५२ मध्ये आणि संगीत संमेलन १९५४ मध्ये, म्हणजे त्यांच्याच कारकिर्दीत सुरू झाले. हे ऋण विसरता येणार नाही. परंतु चित्रपटगीते त्यांस उथळ वाटत. त्या गीतांचा वेळ कमी करण्यात आला, निर्मात्यांशी वाद विकोपास गेला, आणि काही काळ चित्रगीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली.

श्रोत्यांनी मग काय केले? निमूटपणे ख्याल ऐकले? छे! त्यांनी रेडिओची कळ फिरवली आणि सिलोन लावले. डिसेंबर १९५२ मध्ये त्या केंद्रावरून 'बिनाका गीतमाला' सुरू झाली. निवेदक अमीन सयानी तेव्हा जेमतेम वीस वर्षांचे होते. कार्यक्रम मुंबईत ध्वनिमुद्रित व्हावयाचा, फिती विमानाने कोलंबोस जावयाच्या, आणि बुधवारी रात्री ८ वाजता भारतभर घरोघर कान टवकारले जावयाचे. वर्षाखेरीस त्या वर्षाच्या गीतांची क्रमवारी लागे. १९५३ च्या वार्षिक यादीत पहिले स्थान 'अनारकली' चित्रपटातील गीताने पटकावले. गाणाऱ्या लताबाई आणि संगीतकार आपले रामचंद्र चितळकर, म्हणजेच सी. रामचंद्र! एका मराठी माणसाने लावलेले दार दुसऱ्या दोघा मराठी माणसांनी, समुद्रापलीकडून का होईना, उघडले. पुढे ३ ऑक्टोबर १९५७ रोजी आकाशवाणीनेच विविध भारती सुरू केली, आणि १९८९ साली गीतमालाही तिथेच येऊन विसावली.

आता ती यादी काही सयानींच्या वैयक्तिक आवडीची नसे. ध्वनिमुद्रिकांची विक्री आणि श्रोत्यांची मते यांवरून ती ठरे. परंतु प्रत्येक गीताची ओळख ते अशी करून देत, की जणू घरी आलेला पाहुणाच. न आवडणारे गीतही माणूस त्या ओळखीखातर ऐकून घेई. हा संस्कार त्यांच्या घरातला असावा. त्यांच्या मातोश्री कुलसुम सयानी 'रहबर' नावाचे पाक्षिक काढीत. भाषा सोपी हिंदुस्तानी. परंतु मजकूर देवनागरी, उर्दू आणि गुजराती अशा तीन लिप्यांत. बाल अमीन त्या कामात मदत करीत असे.

आता आमच्या घरातील नभोवाणी खात्याकडे वळतो. नऊ वर्षांपूर्वी बदली होऊन आम्ही गुवाहाटीस आलो, तेव्हा कन्या बारा वर्षांची होती. पोरीचे मराठी सुटेल या धास्तीने आम्ही फर्मान काढले: घरात मराठी गाणेच लागेल! आमचे केसकर झाले, आणि पोरीने तिचे सिलोन शोधले. कानांत यंत्र खुपसून ती बसू लागली. प्रथम गाणी वेगळी झाली, मग बोलणेही आटले. आम्ही मराठीत विचारावे आणि तिने एका शब्दात, तोही हिंदीत, जबाब द्यावा, येथवर मजल गेली.

गेल्या डिसेंबरात सौभाग्यवतींनी आम्हांस रेडिओपाशी बसविले. विद्यापीठाच्या सामुदायिक नभोवाणी केंद्रावर कन्या निवेदिका आहे, हे आम्हांस ठाऊक होते. ऐकण्याचे कष्ट मात्र आम्ही कधी घेतले नव्हते. त्या दिवशी वर्षभरात तिने सर्वाधिक आवडीने ऐकलेल्या दहा ध्वनिमुद्रिका ती सांगत होती. त्यांत भूपेन हजारिका होते, बिहूगीते होती, मेहदी हसन यांच्या गझला होत्या, शिलाँगकडील रॉक संगीतही होते. आणि अखेरीस पं. भीमसेन जोशींचे अभंग! तुकोबा कोण, वारी म्हणजे काय, हे ती असमिया श्रोत्यांना त्यांच्या भाषेत समजावीत होती. 'माझी आजी स्वयंपाक करताना हे ऐकत असे,' ती म्हणाली. आमच्या फर्मानाचा उल्लेखही नव्हता. का असावा? अभंग तिला आजीने दिला होता, आम्ही केवळ सक्ती दिली होती.

तेव्हापासून आमच्या घरी बुधवारी रात्री ८ वाजता तिच्या यादीतील एक ध्वनिमुद्रिका लागते. ओळख ती करून देते, मराठीतून. बिहूगीते आता आम्हांस मनापासून आवडतात. रॉक संगीत आम्ही सहन करतो. पण शेजारी बसून सहन करतो.

मंडळापुढे एक नम्र सूचना ठेवतो. पन्नास वर्षे आपण येथे नाट्यसंगीत, भावगीत जपले. ते जपलेच पाहिजे. परंतु या वर्षअखेरीस एक संध्याकाळ मुलांना द्यावी. प्रत्येकाने आपल्या आवडीची एक ध्वनिमुद्रिका आणावी, भाषा कोणतीही असो. वडीलधाऱ्यांनीही एकेक आणावी. अट एकच: ती का आवडली, हे चार वाक्यांत मराठीतून सांगावयाचे. व्याकरण चुकले तर हसावयाचे नाही. मुले मराठी ऐकत नाहीत, ही तक्रार आपण नेहमी करतो. मुलांचे आपण किती ऐकतो, याची मोजदाद त्या संध्याकाळी होईल.