गृहस्थाचा अंमल आणि घरातील विद्या



 ज्या ठाणे शहरात १८९३ साली मराठी ग्रंथसंग्रहालय स्थापन झाले आणि ज्याच्या शेजारच्या कल्याणात त्याही आधी, १८६४ मध्ये, सार्वजनिक वाचनालय सुरू झाले, तेथे बोलताना विषय वाचनाचाच असावा असे मला वाटले. परंतु तो ग्रंथालयातील वाचनाचा नव्हे, घरातील वाचनाचा. कुटुंबात अक्षर कोणी कोणाला शिकवावे, कोणत्या अधिकाराने शिकवावे, आणि तो अधिकार मातला तर त्याला आवर कोणी घालावा, या प्रश्नांचा विचार आज आपणांसमोर मांडावयाचा आहे.

प्रारंभी आपल्याला सतराव्या शतकातील मॅसॅच्युसेट्सपर्यंत जावे लागेल. इंग्लंडमधून तेथे जाऊन वसलेल्या प्युरिटन लोकांच्या दृष्टीने कुटुंब हे धर्म, राज्य आणि शाळा या तिन्ही संस्थांचे मूळ होते. सकाळ-संध्याकाळ प्रार्थना चालविणारा, मुलांना व नोकरांना धर्मतत्त्वे शिकविणारा आणि त्यांच्या वर्तनाबद्दल जबाबदार धरला जाणारा गृहस्थ हा त्या घराचा शास्ता होता. पत्नी त्याच्या आज्ञेत राहून गृहकृत्याचा सारा कारभार पाही आणि तो परगावी असता त्याचा व्यवहारही सांभाळी. १६४२ च्या कायद्याने मुलांना व उमेदवारांना वाचता येते की नाही याची चौकशी करण्याचा अधिकार गावच्या पंचांना मिळाला. १६४७ च्या कायद्याने पन्नास घरांच्या गावाने शिक्षक नेमलाच पाहिजे असे ठरले. मुलींना वाचन शिकवीत, लेखन मात्र पुष्कळदा नाही. धर्मग्रंथ वाचण्यापुरतीच विद्या त्यांच्या वाट्याला येई. अ‍ॅन हचिन्सन या बाईंनी बोस्टनमधील आपल्या घरी प्रवचनांची चर्चा चालविली, तेव्हा पत्नी होण्याऐवजी पती आणि श्रोता होण्याऐवजी उपदेशक झाल्याचा ठपका ठेवून त्यांना वसाहतीबाहेर घालविण्यात आले. ही कठोरता झाकून ठेवण्याचे कारण नाही. तरीही त्याच समाजाने १६४१ च्या आपल्या संहितेत, पत्नीने प्रथम हल्ला केल्यास स्वसंरक्षणार्थ केलेला प्रतिकार वगळता, पतीने तिला मारता कामा नये, असे कलम घातले, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. ज्याच्या हाती सत्ता दिली त्याच्यावर शेजारी, पंच आणि न्यायालय यांची नजरही ठेवली.

या परंपरेचा महाराष्ट्राशी संबंध दूरान्वयाचा नाही. १८१३ मध्ये मुंबईस उतरलेले गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाने पाठविलेले, म्हणजे प्युरिटनांच्याच काँग्रिगेशनल वारसांनी पाठविलेले धर्मोपदेशक होते. त्याच मिशनच्या सिंथिया फरार यांनी मुंबईत व पुढे अहमदनगरास मुलींच्या शाळा चालविल्या.

परंतु मला ज्या घराकडे आपले लक्ष वेधावयाचे आहे ते मिशनच्या छत्राखालचे नव्हते. कल्याणच्या वाचनालयाच्या स्थापनेनंतर पुढच्याच वर्षी, ३१ मार्च १८६५ रोजी, त्याच गावी यमुना, म्हणजेच पुढच्या आनंदीबाई जोशी, यांचा जन्म झाला. वयाच्या नवव्या वर्षी टपाल खात्यातील कारकून गोपाळराव जोशी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. गोपाळराव विधुर होते, वयाने सुमारे वीस वर्षांनी मोठे होते, आणि पत्नीला शिकविण्याचा त्यांचा निर्धार लग्नापूर्वीच पक्का होता. पुढे अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता, श्रीरामपूर अशा बदल्या होत गेल्या. या बदल्यांकडे चरित्रकारांनी घटनाक्रम म्हणून पाहिले; मला त्यांत एका नव्या प्रकारच्या कुटुंबाचा उदय दिसतो. वाड्यातील एकत्र कुटुंबात सासू, आजी, थोरले दीर, कुलोपाध्याय यांच्यात अधिकार वाटला गेलेला असतो. एकाचा जाच दुसऱ्याच्या मायेने सौम्य होतो, आणि शिकू पाहणाऱ्या सुनेला अडविणारेही तेथे तितकेच असतात. सरकारी नोकरीने गृहस्थाला त्या वाड्यातून उचलून परगावच्या बिऱ्हाडी नेले, तेव्हा पती, गुरू आणि शास्ता या तिन्ही भूमिका एकाच पुरुषाच्या ठायी एकवटल्या. ही रचना प्युरिटन घराशी विलक्षण जुळणारी आहे. तेथे असलेला पंच मात्र येथे नव्हता.

त्याचे फळ दुहेरी निघाले. आनंदीबाई १८८३ मध्ये अमेरिकेस गेल्या, न्यू जर्सीतील रोझेल येथे कार्पेंटर कुटुंबात राहिल्या, त्या घरच्या गृहिणीला त्यांनी मावशी मानले, आणि ११ मार्च १८८६ रोजी पेन्सिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची पदवी घेतली. पुढच्या वर्षी २६ फेब्रुवारीस, बाविसावे वर्षही पुरे होण्यापूर्वी, पुण्यात त्यांचे निधन झाले. पतीच्या हट्टावाचून हे घडते ना, हे मान्य करणे भाग आहे. परंतु अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या एका पत्रात त्यांनीच दहाव्या वर्षी खाल्लेल्या लाकडाच्या माराची, बाराव्या वर्षी अंगावर फेकलेल्या खुर्च्या-पुस्तकांची आणि टाकून जाण्याच्या धमक्यांची आठवण दिली आहे. ते वागणे बरे की वाईट हे ठरविणे कठीण आहे, असेही त्या म्हणतात. आणि हिंदू स्त्रीला पतीपुढे बोलण्याचा हक्कच नसल्याने आपण निमूटपणे सारे सोसले, हे सांगण्यास कचरत नाहीत. पदवीच्या तेजाने हे पत्र झाकोळून टाकणे हा त्यांच्यावर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या लेखणीसाठी त्यांनी मार खाल्ला, त्याच लेखणीने त्यांनी तो मार नोंदवून ठेवला, आणि पतीने दिलेल्या विद्येच्याच बळावर पतीचा हिशेब मांडला.

अशा घरांचा इतिहास सरकारी दफ्तरात सापडत नाही. म्हणून ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीतील अभ्यासकांना माझी विनंती आहे की त्यांनी जुन्या बिऱ्हाडांतील पत्रे, जमाखर्चाच्या वह्या आणि मुलींच्या लेखनाचे कित्ते मिळवावेत. रेल्वे, टपाल व कचेऱ्यांतील नोकऱ्यांमुळे या भागात आलेल्या कुटुंबांतील वृद्ध स्त्रियांना भेटून त्यांना पहिले अक्षर कोणी शिकविले, ते शिकताना घरातील कोणते काम कोणाच्या अंगावर पडले, आणि शिकविणाऱ्याचा हात उठला तेव्हा मध्ये कोण पडले, हे त्यांच्याच शब्दांत टिपून घ्यावे. ठाण्याच्या आणि कल्याणच्या या दोन वाचनालयांनी अशा टिपणांसाठी एकेक कपाट राखून ठेवले, तर या परिषदेच्या पुढील अधिवेशनात हा विषय पुराव्यानिशी पुन्हा चर्चेस घेता येईल.