बंधपत्रावरील सुटका आणि तिच्या अटी



उरणपासून श्रीवर्धनपर्यंतच्या आपल्या किनाऱ्यावर एखाद्या तरुणाच्या हातून मारामारीचा किंवा किरकोळ चोरीचा गुन्हा घडतो. तो शाबीत होतो, आणि तरीही न्यायाधीश त्यास तुरुंगात न धाडता घरी सोडतात. ‘पोरगा सुटला’ म्हणून घरात आनंद होतो. या शब्दाविषयीच आज मला आपणांस सावध करावयाचे आहे. त्याची शिक्षा केवळ थांबलेली असते.

१९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या चौथ्या कलमान्वये, ज्या गुन्ह्यास फाशी वा जन्मठेप सांगितलेली नाही, त्यातील अपराध्यास न्यायालय चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडू शकते. मुदत जास्तीत जास्त तीन वर्षांची. परिवीक्षा अधिकाऱ्याची देखरेख नेमल्यास ती किमान एक वर्षाची असते. राहण्याचे ठिकाण, दारूबंदी अशा अटी तीत येतात. देखरेखीच्या आदेशाची प्रत अपराध्यास व जामीनदारास मिळते. ती पेटीत कोंडून ठेवू नका. साऱ्या घरासमक्ष मोठ्याने वाचून घ्या.

अट बहुधा दुष्टपणाने मोडत नाही, गाफीलपणाने मोडते. समजा, जून-जुलैची मासेमारीबंदी उठली, मुलगा खलाशी म्हणून होडीवर चढला, आणि अधिकाऱ्यापुढे हजर राहण्याचा दिवस समुद्रातच गेला. दुसरा कामासाठी मुंबईस राहावयास गेला व पत्ता कळविण्यास विसरला. मनात पाप नाही; परंतु अट मोडली ती मोडलीच.

मग नववे कलम लागू होते. अधिकाऱ्याच्या अहवालावरून वा अन्य मार्गाने न्यायालयास तसे वाटल्यास समन्स किंवा वॉरंट निघते. जामीनदारासही बोलावता येते. आपले म्हणणे मांडण्याचा हक्क तेथे आहे, तो सोडू नका. समन्स आल्यावर दडून बसणे सर्वांत घातक. पहिलीच चूक असेल तर पन्नास रुपयांपर्यंत दंड करून न्यायालय बंधपत्र चालू ठेवू शकते. नाहीतर मूळ गुन्ह्याची शिक्षा सुनावली जाते.

हानी एवढ्यावरच थांबत नाही. बंधपत्रावर सुटलेल्यास दोषसिद्धीमुळे कायद्याने जडणारी अपात्रता बाराव्या कलमान्वये लागत नाही. मात्र पुढे मूळ गुन्ह्यासाठी शिक्षा झाली की हे संरक्षण जाते. शिकून नोकरीची आस धरणाऱ्या मुलास याची किंमत मी सांगावयास नको.

अट झेपत नसेल तर उपाय आहे. आठव्या कलमान्वये अधिकाऱ्याच्या अर्जावरून न्यायालय अटी व मुदत बदलू शकते. वर्तणूक समाधानकारक असल्यास बंधपत्रातून मुक्तही करू शकते. म्हणून होडीवर चढण्यापूर्वी, गाव सोडण्यापूर्वी, अधिकाऱ्यास भेटा, अडचण लेखी द्या आणि पोच घ्या.

याच जिल्ह्यातील महाडचे स्मरण करा. ती बाब दिवाणी होती, पण धडा तोच. डिसेंबर १९२७ मध्ये चवदार तळ्याविषयी न्यायालयाचा तात्पुरता मनाई हुकूम आला. हुकूम जाचक होता. तरी बाबासाहेबांनी तो मोडला नाही. ते न्यायालयात लढले, आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. जाचक हुकूम बदलून घ्यावयाची जागा त्यांनी दाखवून दिली आहे.

घरी गेल्यावर तो कागद शोधा, आणि पुढील हजेरीची तारीख भिंतीवर लिहून ठेवा.