नकाशाची खरी नक्कल

(मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आज सर्वांची दृष्टी कळसाकडे लागलेली आहे, आणि ते योग्यच आहे. परंतु या भाषणाचा विषय कळस नसून एक कागद आहे. जोत्याचे काम चालू असता पाथरवटांच्या छिन्न्या चार दिवस थांबल्या होत्या. काम का थांबले, पैसा संपला की काय, अशी विचारणा अनेक देणगीदारांनी त्या वेळी केली. त्या चार दिवसांचा हिशेब समारंभाच्या दिवशी सर्वांसमोर मांडला जावा, हे उचित होय.

मंदिराच्या उत्तर बाजूला जुन्या जोत्याचे थर शाबूत आहेत. इतर तीन बाजूंचे दगड झिजले किंवा ढासळले होते. जुन्या थराबरहुकूम नवे दगड घडवावयाचे असे ठरले. वास्तुविशारदांनी मापे घेतली, संगणकावर नकाशे काढले आणि पाथरवटांसाठी थराच्या उभ्या छेदाचा नकाशा पूर्ण मापात, म्हणजे दगड जेवढा तेवढाच कागदावर, तयार केला. त्याची फाइल मोबाइलवर आली. तालुक्याच्या गावी तिची छापील प्रत काढली गेली. ती पत्र्यावर चिकटवून फर्मा कापला आणि पहिला दगड घडविला गेला.

दुसऱ्या दगडास हात घालण्यापूर्वी वृद्ध मिस्त्रींनी तो फर्मा सहज म्हणून उत्तरेकडील जुन्या थराला लावून पाहिला. खालची कड जुळली, वरची जुळेना. फर्मा सुमारे अर्धा इंच तोकडा होता. कोणी म्हणाले, अर्ध्या इंचाचे काय एवढे, सिमेंटने भरून काढू. मिस्त्रींनी हत्यार खाली ठेवले आणि एवढेच म्हणाले, “कागद पुन्हा निघेल, दगड पुन्हा निघणार नाही.”

मग पट्टी लावून पाहिली. नकाशावर थराची उंची ४०० मिलिमीटर लिहिलेली होती. कागदावर मोजली तर ३८८ भरली. आकडा खरा होता, चित्र खोटे होते.

हे कसे घडले, ते समजून घेणे जरूर आहे. संगणकावर नकाशा काढणारा मनुष्य वस्तू तिच्या पूर्ण मापानेच काढतो. १८०० मिलिमीटरचा दरवाजा संगणकात १८०० मिलिमीटरचाच असतो. प्रमाणाचा प्रश्न येतो तो कागदावर उतरविताना. एकास दहा या प्रमाणात तो दरवाजा कागदावर १८० मिलिमीटरचा होतो. हे प्रमाण ठरवून नकाशाची पीडीएफ फाइल केली जाते. परंतु छपाईच्या यंत्राला कागदाच्या कडेला थोडी जागा कोरी सोडावी लागते. चित्र कडेला कापले जाऊ नये म्हणून संगणक ‘कागदात बसवा’ या अर्थाची एक सोय पुढे करतो. ती चालू राहिली की चित्र शंभराचे सत्त्याण्णव होते. एखाद्या अर्जाला किंवा पावतीला त्याने काही बिघडत नाही. नकाशाचा मात्र प्राणच जातो. येथे छापणाऱ्या दुकानदाराचा दोष नव्हे. हा कागद पाहण्याचा नसून मोजण्याचा आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

शंभरात तीन म्हणजे किती, हे शेतकऱ्याला जमिनीच्या भाषेत लवकर उमगेल. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद. लांबी-रुंदी दोन्हींत शंभरामागे तीन घटले, तर ४० गुंठ्यांच्या एकरातून सव्वादोन गुंठ्यांहून अधिक जमीन नाहीशी होते. बांधावरून हात-दोन हात जागेसाठी भाऊ भावाशी भांडतो. येथे तर कागदाने न बोलता सव्वादोन गुंठे गिळले! जोत्याचे तीन थर त्या फर्म्याने एकावर एक चढले असते, तर जुन्या व नव्या बाजूत सुमारे दीड इंचाची तफावत पडली असती आणि कोपऱ्यावर रेषा मिळाल्याच नसत्या.

मोठी चूक त्या मानाने बरी, कारण ती दिसते. ए-२ आकाराचा कागद ४२० गुणिले ५९४ मिलिमीटरचा असतो, ए-३ हा २९७ गुणिले ४२० चा. पहिल्यावरचा नकाशा दुसऱ्यावर बसविला की शंभराचे एकाहत्तर होते. सहा फुटांचा दरवाजा सव्वाचार फुटांचा दिसू लागतो आणि पोरसुद्धा हसते. घात करते ती लहान चूक.

जुन्या मंडळींचा छापील नकाशावर विश्वास असतो, त्यालाही कारण आहे. निळ्या नकाशाची रासायनिक पद्धत जॉन हर्शेल या इंग्रज शास्त्रज्ञाने १८४२ साली शोधली. त्या पद्धतीत आणि पुढे आलेल्या अमोनिया प्रिंटमध्ये मूळ ट्रेसिंग कोऱ्या कागदावर ठेवून प्रकाश देत. कागदाला कागद भिडलेला असल्यामुळे नक्कल मुळाएवढीच निघे. कागद किंचित आखडे तेवढाच फरक. झेरॉक्स यंत्र व संगणक आल्यावर लहान-मोठे करणे बोटावर आले आणि तो भरवसा उरला नाही.

यावर उपायही जुनाच आहे. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने नकाशे एका इंचास एक मैल या प्रमाणाचे, म्हणजे एकास ६३,३६० असत. पुढे एकास ५०,००० प्रमाणाचे आले. परंतु नुसता आकडा लिहून ते थांबत नाहीत, खाली मोजपट्टीही आखलेली असते. हेन्री कझिन्स यांचा दख्खनच्या मध्ययुगीन मंदिरांवरील ग्रंथ १९३१ साली प्रसिद्ध झाला. त्यात सिन्नरच्या गोंदेश्वरासारख्या मंदिरांचे आराखडे पुस्तकाच्या पानात मावतील एवढे लहान करून, मोजपट्टीसह छापले आहेत. चित्र आखडले की पट्टीही तेवढीच आखडते. म्हणून पट्टी खोटे बोलत नाही. एकास पन्नास हे शब्द मात्र कागद कितीही आखडला तरी तेच राहतात, आणि फसवतात.

आपल्या जिल्ह्यात तर याची फार गरज आहे. बीडचे कंकालेश्वर, धर्मापुरीचे केदारेश्वर ही दगडी मंदिरे पाहावीत. दगडावर दगड असा नेमका बसविलेला की सांधा शोधावा लागतो. अशा कामात चूक लपवायला जागाच नसते. गोदाकाठच्या पुरुषोत्तमपुरीचे विटांचे मंदिर शासनाने जतनासाठी निवडलेल्या प्राचीन मंदिरांत आहे. गावोगावही जीर्णोद्धार चालू आहेत. ज्यांचे काम अजून व्हावयाचे आहे, त्यांनी या गावच्या अनुभवाचा लाभ घ्यावा.

त्या चार दिवसांत समितीने पुढील नियम केले आणि कळसापर्यंत पाळले.

पहिला, प्रत्येक नकाशावर कागदाचा आकार, प्रमाण आणि १०० मिलिमीटरची मोजपट्टी आडवी व उभी अशी दोन्हीकडे असावी. कारण काही यंत्रे एकाच बाजूने कागद ताणतात.

दुसरा, छापताना ‘मूळ आकार’ किंवा शंभर टक्के हाच पर्याय निवडावा, आणि दुकानातून निघण्यापूर्वी पोलादी पट्टीने दोन्ही रेषा मोजाव्यात.

तिसरा, नकाशावरून माप काढू नये; लिहिलेला आकडा प्रमाण मानावा. आकडा नसेल तर वास्तुविशारदांना विचारावे.

चौथा, पूर्ण मापाचा फर्मा जुन्या दगडाला लावून पाहिल्याशिवाय छिन्नी चालवू नये.

पाचवा, तपासलेल्या प्रतीवर तारीख व सही घालावी आणि आधीची प्रत रद्द करावी. झेरॉक्सची झेरॉक्स कामावर नेऊ नये.

कचेरीत नक्कल मिळते, तेव्हा मुळाशी रुजुवात घेतल्याशिवाय तिच्यावर ‘खरी नक्कल’ असा शिक्का बसत नाही. नकाशाचेही तसेच आहे. त्याचे मूळ संगणकात नाही. ते उत्तरेकडच्या त्या जुन्या दगडात आहे. त्याच्याशी रुजू झाली तीच नक्कल खरी.

आता त्या पहिल्या दगडाविषयी. तो वाया गेला, हे लपविण्याचे कारण नाही. या कामासाठी ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी कोयत्याच्या उचलीतून वर्गणी दिली आहे. थंडीत पहाटे फडात उभे राहून मिळविलेला तो पैसा आहे. म्हणून हिशेबात तो दगड वेगळा दाखविला आहे आणि पिंपळाच्या पारापाशी पायरी म्हणून बसविला आहे. दर्शनाला येणाऱ्याने त्यावर पाय ठेवताना क्षणभर थांबावे. उत्तरेच्या कोपऱ्यावरून हात फिरवून पाहावा. जुना थर कोठे संपला आणि नवा कोठे सुरू झाला, ते रंगावरून कळेल, बोटाला कळणार नाही. चार दिवस थांबल्याचे हे फळ आहे.

नकाशाच्या तपासलेल्या सर्व प्रती मंदिराच्या दप्तरात बांधून ठेवल्या आहेत. शेदोनशे वर्षांनी पुन्हा दगड बदलण्याची वेळ आली, तर त्या वेळच्या गावकऱ्यांना खरे माप हाती मिळावे, एवढीच ईश्वरचरणी प्रार्थना.

॥ शुभं भवतु ॥