पाच डझनी पेटी



दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला, हे आपल्याला आता बातमीसारखं वाटतही नाही. पण नव्वद टक्के मिळवलेल्या मुलाच्या हातात बँकेतली पैसे भरायची स्लिप द्या, तो बाबांच्या तोंडाकडे बघतो. दोष त्याचा नाही. ‘तू फक्त अभ्यास कर’ हे आपणच त्याला सांगत आलो.

माझी दहावीची परीक्षा संपली, आणि वडिलांनी मला ओळखीच्या एका बागायतदारांकडे धाडलं. झेल्याने उतरवलेला हापूस आकाराप्रमाणे निवडायचा आणि पेटीत पेंढ्यावर बसवायचा. चार डझनीत मोठं फळ, सहा-सात डझनीत लहान. माझ्या वाट्याला पाच डझनी आली. पहिल्या दिवशी घाईघाईत मी देठ मोडत गेलो. संध्याकाळी बागायतदार काकांनी एक आंबा माझ्यापुढे धरला. चीक ओघळून सालीवर काळा चट्टा उमटला होता. “वाशीच्या बाजारात पेटी उघडली की दर पाडतात, आणि नाव माझं जातं,” एवढंच बोलले. शाळेत चुकलो की माझे दोन मार्क जायचे. इथे दुसऱ्याचे पैसे गेले होते. रात्री जेवण गेलं नाही.

शिकता शिकता काम करणं आपल्या रत्नागिरी जिल्ह्याला नवीन नाही. मुरूडचे धोंडो केशव कर्वे मुंबईत शिकवण्या करून शिकले. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही सहावी ते आठवीच्या मुलांनी दहा दिवस दप्तर घरी ठेवून सुतार, माळी, कुंभार यांच्याकडे शिकावं, असं सुचवलं आहे. दहा दिवसांत रंधा धरता येईल, बिजागरी बसेलच असं नाही. तरी सुरुवात म्हणून ठीक.

अडतं ते घरात. गरिबाचा मुलगा दुकानात उभा राहिला तर कौतुक, आणि आपला राहिला तर ‘लोक काय म्हणतील?’ मुलीचं तर नावच काढायला नको! दुसरी अडचण मालकांची. ‘शिकायला मिळतंय ना’ म्हणून महिनाभर राबवून घ्यायचं आणि शेवटी हातावर आंब्याची पिशवी ठेवायची. याला मी शिकवणं म्हणत नाही.

कायदाही लक्षात असू द्या. चौदा वर्षांखालच्या मुलाला कामावर ठेवता येत नाही, आणि अठरापर्यंत धोक्याचं काम देता येत नाही.

तेव्हा बागायतदार, छापखानेवाले, दुकानदार, सगळ्यांना विनंती. येत्या मे महिन्यात एका तरी मुलाला किंवा मुलीला हाताशी घ्या. झाडावर चढवू नका, मिरकरवाडा बंदरातून बोटीवर धाडू नका. कामाचे तास आधी ठरवा. चुकलं तर दाखवा. आणि शनिवारी पैसे त्याच्याच हातात मोजून द्या, वडिलांच्या नको.